बगळ्याची मान

दारात उभ्या असलेल्या मुलीच्या हातात बुटांचं खोकं होतं आणि चेहरा परीक्षेत नापास झाल्यासारखा होता.

"कटिंगवाल्या मावशी इथेच राहतात ना?"

"राहतात. आत ये. आणि चपला बाहेर ठेवू नकोस, शेजारचं कुत्रं नेतं."

मावशी शिलाईच्या मशीनवरून उठल्या नाहीत. एका प्रवासी बॅगेची चेन बसवायचं काम चालू होतं, आणि हातातलं काम टाकून उठायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी टाका पूर्ण केला, दोरा तोडला, बॅग झटकून बाजूला ठेवली आणि मग चष्म्यावरून मुलीकडे पाहिलं. सदुसष्टाव्या वर्षी त्यांचे गुडघे कुरकुरायचे, कानांना थोडं कमी ऐकू यायचं, पण हात मात्र तसूभरही हलत नसे. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि कुणी विचारलं तर त्या सांगायलाही लाजत नसत.

बावीस वर्षं त्यांनी खेळाच्या बुटांच्या कारखान्यात पॅटर्न कापले होते. बुटाचा वरचा भाग ज्या पंधरा-सोळा तुकड्यांचा बनतो, त्या प्रत्येक तुकड्याचा पुठ्ठ्याचा नमुना आधी कुणीतरी कापावा लागतो. ते काम त्यांचं. कारखाना बंद पडला, यंत्रं विकली गेली, बुटाला आकार देणारे पायाच्या मापाचे फर्मे भंगारात गेले आणि मावशी घरच्या पुढच्या खोलीत बॅगा, पर्स, दप्तरं दुरुस्त करायला लागल्या.

मुलीने खोकं उघडलं. आत पांढराशुभ्र बास्केटबॉलचा बूट होता, घोट्याच्या वर जाणारा, कडेला मरून पट्टा.

"ओळखलात?" तिने विचारलं.

"कुणाला?"

"मावशी, हा बगळा आहे."

मावशींनी बूट उचलला. टाचेमागून अंगठा फिरवला, जीभ बाहेर ओढून पाहिली, बूट उलटा करून पंजाने दाबला. मग तो परत खोक्यात ठेवला.

"नाही," त्या म्हणाल्या. "बगळा मला माहीत आहे. हा दुसरा कुणीतरी आहे."

मुलीने एक लांब श्वास सोडला आणि न विचारताच स्टुलावर बसली. "सगळे हेच म्हणतायत," ती म्हणाली.

ती डिझायनर होती. जुन्या कारखान्याचं नाव एका नव्या कंपनीने विकत घेतलं होतं आणि कंपनीला बगळा पुन्हा काढायचा होता. जुने बूट जसेच्या तसे नव्याने काढायचे, त्याला रेट्रो म्हणतात, हेही तिने समजावून सांगितलं. चाळीस वर्षांपूर्वी फक्त तीन वर्षं निघालेला तो बूट आता लोक वेड्यासारखे शोधत होते. एखादा जुना जोड कुठे निघाला की दूरदूरहून माणसं बघायला येत. कंपनीने नव्या नमुन्याचा फोटो इंटरनेटवर टाकला आणि एका दिवसात त्याची चटणी झाली. कुणीतरी त्या फोटोला पिवळी चोच काढून खाली लिहिलं, 'हा बगळा नाही, बदक आहे.' तेव्हापासून सगळे त्याला बदकच म्हणत होते, अगदी ऑफिसातले शिपाईसुद्धा.

गॅलरीतल्या खुर्चीतून हसण्याचा आवाज आला. मावशींचे यजमान तिथे वर्तमानपत्र वाचत बसले होते. सहा फूट चार इंच उंचीमुळे सगळा गाव त्यांना मनोरा म्हणायचा आणि त्यांनीही ते नाव केव्हाच आपलं मानलं होतं.

"बदक बरोबर आहे," मनोरा म्हणाले. "मान आखूड आहे त्याची."

"मान आखूड आहे, पोट सुटलंय आणि टाच बसलीय," मावशी म्हणाल्या. "माप कुठून घेतलंत तुम्ही?"

"खऱ्या बगळ्यावरून. एका संग्राहकाकडे कोरा जोड आहे, कधीच न घातलेला. त्याचा आम्ही थ्रीडी स्कॅन केला. केसाइतकाही फरक नाही, मावशी. कॉम्प्युटर खोटं बोलत नाही."

"कॉम्प्युटर नसेल बोलत. मला तो जोड दाखव."

"आत्ता?"

"बॅगेची चेन झाली. आता मी मोकळीच आहे."

संग्राहक म्हणजे एक दातांचे डॉक्टर निघाले. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर त्यांनी बुटांसाठी वेगळी खोली केली होती. भिंतभर काचेची कपाटं, प्रत्येक कप्प्यात एक जोड आणि खाली टाइप केलेली चिठ्ठी. हवेतला दमटपणा मोजणारं यंत्रही होतं. डॉक्टर पन्नाशीचे, टापटीप, आणि बुटांबद्दल बोलायला लागले की पेशंट खाली खोळंबलाय हे विसरणारे. त्यांनी मावशी, मनोरा आणि डिझायनर मुलगी अशा तिघांनाही पांढरे हातमोजे दिले. मनोऱ्यांच्या पंजावर ते निम्मेच चढले.

"बगळा मधल्या कपाटात," डॉक्टर म्हणाले. "माझ्याकडचा सगळ्यात मानाचा जोड. तुम्हाला त्याचा इतिहास माहीत आहे का?"

"थोडाफार," मावशी म्हणाल्या.

डॉक्टर सुरू झाले. त्या काळी शहरातला संघ सलग तीन वर्षं अजिंक्य होता, आणि तिन्ही वर्षं त्यांच्या पायात बगळा होता. शाळेतली मुलं आपले कापडी बूट खडूने पांढरे करायची आणि घोट्याभोवती पुठ्ठा बांधायची. स्वतः डॉक्टर शाळेच्या संघात राखीव खेळाडू होते, त्यांना एकदाही मैदानावर उतरवलं नाही. रोज शाळा सुटली की ते दुकानाच्या काचेला नाक लावून उभे राहायचे. बगळ्याचं सर्वांत लहान माप त्यांच्या पायाला दोन अंगुळं मोठं होतं. पाय वाढले तेव्हा बगळा निघायचा बंद झाला होता.

"म्हणून हा जोड मिळाला त्या दिवशी मी दवाखाना बंद ठेवला," ते म्हणाले. "आणि याचं डिझाइन कुणाचं, माहीत आहे? परदेशातून शिकून आलेला एक चित्रकार होता कारखान्यात. त्याने तळ्याकाठी बगळा पाहिला आणि एका बैठकीत चित्र काढलं. आमच्या संग्राहकांच्या पुस्तिकेत छापलंय तसं."

मनोऱ्यांनी खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. त्यांचे खांदे हलत होते.

"चित्रकार होता खरा," मावशी शांतपणे म्हणाल्या. "खोक्याच्या झाकणावरचं चित्र त्याचं. छान काढायचा. बूट मात्र मी कापला."

डॉक्टर सभ्य होते, त्यामुळे ते हसले नाहीत, पण त्यांचा विश्वास बसला नाही हेही लपलं नाही.

मावशींना त्याचं वाईट वाटलं नाही. त्यांनी सरळ सांगायला घेतलं. बूट तयार झाला तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या होत्या. कारखान्याच्या मागच्या मैदानावर संघ सराव करायचा आणि बूट कारखाना पुरवायचा. संघातल्या सगळ्यात उंच खेळाडूचा घोटा दर महिन्याला मुरगळायचा. मुख्य कारागिरांनी बुटाची कड उंच केली. मग आणखी उंच केली. घोटा मुरगळायचा थांबला, पण टाचेमागची शीर सोलून निघायला लागली, कारण उडी मारताना ताठ कड तिथेच रुतायची. तो खेळाडू रक्ताळलेले मोजे घेऊन कटिंग विभागात आला आणि म्हणाला की यापेक्षा घोटा मुरगळलेला बरा.

"मी म्हटलं, उंची दोन्ही बाजूंना पाहिजे, मागे नको. मागून पाण्याच्या लाटेसारखं खाली घ्या, पाय हलायला जागा ठेवा. मुख्य कारागीर म्हणाले, बाई, तुम्ही सांगितलेलं कापा, सुचवू नका. मग मी जेवणाच्या सुट्टीत कापला. अकरा नमुने झाले. बारावा त्याच्या पायात बसला. कडा वर, मागे खोलगट, म्हणून बाजूने पाहिलं की मान वळवल्यासारखा दिसायचा. बगळा हे नाव संघातल्या पोरांनी ठेवलं. तळं-बिळं काही नव्हतं."

"आणि तो खेळाडू?" डॉक्टरांनी विचारलं.

"तो काय, खिडकीपाशी उभा आहे. पाय आधी पसंत केला, माणूस नंतर."

मनोऱ्यांनी वळून निम्म्या हातमोज्यातला हात वर केला.

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "माफ करा," ते म्हणाले, "पण माझ्याकडे असं सांगणारे आणखी दोघं येऊन गेलेत. पुराव्याशिवाय मी पुस्तिका बदलू शकत नाही."

"बरोबर आहे तुमचं," मावशी म्हणाल्या. "जाड पुठ्ठा असेल का? आणि पेन्सिल. रापी माझ्याकडे आहे."

रापी, म्हणजे चामडं कापायची रुंद पात्याची सुरी, त्यांच्या पर्समध्ये कायम असायची. डॉक्टरांनी औषधांचं एक खोकं फाडून दिलं. मावशींनी हातमोजे काढले, पुठ्ठा टेबलावर सपाट केला, आणि कपाटातल्या बुटाकडे पाठ करून बसल्या. पेन्सिलने त्यांनी फक्त तीन टिंबं दिली. मग रापी लावली आणि एका दमात, न थांबता, वळण घेत कड कापली. खाली कुणाचा तरी दात ठणकत होता, पण कंपाउंडरची वर यायची हिंमत झाली नाही.

"आता बूट काढा बाहेर," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने बगळा आणून ठेवला. मावशींनी पुठ्ठ्याचा तुकडा बुटाच्या टाचेभोवती गुंडाळला. खालची कड शिवणीवर टेकली. एका टोकाच्या टाक्यापासून दुसऱ्या टोकाच्या टाक्यापर्यंत, कुठे सरकली नाही, कुठे कमी पडली नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या शिवणीला आजचा पुठ्ठा असा चिकटून बसला की डिझायनर मुलगी खुर्चीवरून उठून जवळ आली.

पण वरच्या बाजूला पुठ्ठा बुटाच्या बराच वर उभा होता. जवळजवळ बोटभर.

"वर जुळत नाही," डॉक्टर हळूच म्हणाले.

"जुळणार कसं? याच्या कडेत फोम भरलेला होता. चाळीस वर्षांत त्याची भुकटी झाली आणि चामडं खाली बसलं. तळाचं रबर आकसलंय, म्हणून टाच खाली गेलीय. आत कागदाचे बोळे नव्हते, म्हणून पोट पसरलंय. तुम्ही हा जिवापाड जपलात डॉक्टर, पण याच्या आत कधी पाय गेला नाही. याला धरून ठेवायला आत कुणी नव्हतंच." मग त्या मुलीकडे वळल्या. "तुमच्या कॉम्प्युटरने अगदी बरोबर माप घेतलं. फक्त बगळ्याचं नाही, त्याच्या म्हातारपणाचं घेतलं."

डॉक्टर भिंतीशी गेले. तिथे जुन्या अंतिम सामन्याचा मोठा फोटो होता. हवेत झेपावलेला उंच खेळाडू, पाय कॅमेऱ्याच्या बाजूला. डॉक्टरांनी तो फोटो काढून टेबलावर आडवा केला, भिंग आणलं, आणि फोटोतल्या घोट्यापासून पुठ्ठ्याकडे आणि पुठ्ठ्यावरून पुन्हा घोट्याकडे तीन-चार वेळा पाहिलं. फोटोतल्या बुटाची मान उंच होती, मागे खोल उतरलेली. मग त्यांनी तो फोटोतला चेहरा पाहिला आणि खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा पाहिला.

"हा फोटो वीस वर्षं इथे आहे," ते म्हणाले. "मी रोज फक्त बूटच बघत होतो."

"सगळे तेच बघतात," मनोरा म्हणाले. "मला सवय आहे."

पुढच्या आठवड्यात मावशी कंपनीत जायला लागल्या. त्यांच्या अटी तीनच होत्या. टेबल खिडकीला लागून हवं, दुपारी एकला जेवायला घरी सोडायचं, आणि मोजमाप चालू असताना कुणी मागे उभं राहून श्वास घ्यायचा नाही. डिझायनर मुलगी त्यांच्या शेजारी बसून प्रत्येक तुकडा कॉम्प्युटरवर चढवायची. सुरुवातीला ती स्क्रीनकडे पाहून शंका काढायची. चौथ्या दिवशी ती आधी पुठ्ठ्याला हात लावून पाहू लागली आणि मग स्क्रीनकडे वळू लागली. मावशींनी ते पाहिलं आणि पुढचा पुठ्ठा तिच्याकडे सरकवला.

नवा फर्मा लाकडाचा घडवला. मरून रंगासाठी चार वेळा चामडं परत पाठवलं. कंपनीचे साहेब, एक घाईत असलेले तरुण गृहस्थ, मध्ये एकदा म्हणाले की संग्राहक हा बूट कपाटातच ठेवणार, तेव्हा कडेतला फोम स्वस्तातला चालेल.

"मग पुठ्ठ्याचाच करा," मावशी म्हणाल्या. "रंगवला की कपाटात तसाच दिसेल."

साहेबांनी फोम चांगला आणवला.

महिन्याभराने बूट तयार झाला. मावशींनी तो खिडकीच्या उजेडात धरला, अंगठा टाचेमागून फिरवला आणि जीभ बाहेर ओढून पाहिली. डिझायनर मुलीचा जीव टांगणीला लागला होता.

"हा," शेवटी त्या म्हणाल्या. "हा मला ओळखतो."

फोटो पुन्हा इंटरनेटवर गेला. या वेळी कुणी चोच काढली नाही. डॉक्टरांनी संग्राहकांच्या पुस्तिकेत चार पानी लेख लिहिला, चित्रकाराची गोष्ट खोडली आणि पुठ्ठ्याचा फोटो छापला. मावशींना त्यांनी प्रत आणून दिली. मावशींनी ती शब्द न् शब्द वाचली आणि फक्त एक दुरुस्ती सुचवली. त्यांचं वय दोन वर्षांनी जास्त पडलं होतं.

इथे काम संपायला हरकत नव्हती. साहेबांच्या मते ते संपलंच होतं. पण मावशींनी दुकानात जाण्याआधी बूट मैदानावर खेळून पाहायचा हट्ट धरला. कारखान्यात तशी रीत होती, आणि न खेळलेल्या बुटाला त्या बूट म्हणायला तयार नव्हत्या. मनोरा रोज सकाळी कॉलेजच्या मुलींना बास्केटबॉल शिकवायचे. त्यातल्या सहा जणींना सहा जोड दिले गेले.

पंधरा दिवसांनी मावशी मैदानावर गेल्या. मुलींनी कौतुक केलं. घोटा छान धरतो, दिसतो तर असा की बाजूच्या संघाच्या मुली विचारतात. संघाची कर्णधार मात्र गप्प होती.

"तुझं काय?" मावशींनी विचारलं.

"छान आहे."

"छान आहे ते मला माहीत आहे. काय नाही ते सांग."

कर्णधाराने सरांकडे पाहिलं. मनोऱ्यांनी मान हलवली. मग तिने बूट काढला. मोज्यांचे दोन थर होते. ते काढल्यावर टाचेच्या दोन्ही बाजूंना लाल चट्टे दिसले.

"टाच आतल्या आत सरकते, मावशी. माझीच नाही, आम्हा सगळ्यांचीच. म्हणून दोन मोजे घालतो. पण ते तर कुठल्याही बुटात घालावे लागतात. आम्हाला सवय आहे."

मावशी खाली बसल्या. गुडघे कुरकुरले, त्यांनी लक्ष दिलं नाही. त्या मुलीची टाच त्यांनी तळहातात धरली. अरुंद, निमुळती टाच. मग वर पाहिलं. उन्हात त्यांचा नवरा उभा होता, खुंटासारख्या रुंद टाचांचा. बारा नमुने कापले ते त्या टाचेवर. स्वतः बाई असून त्यांच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं की हा बूट कधी एखाद्या मुलीच्या पायात जाईल. त्या काळी मुलींचा संघ होता, त्याही बगळाच घालायच्या, आणि त्याही दोन मोजे घालत असणार. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मावशींनीही नाही.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षांची जुनी आहे, पण माझीच आहे."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी ऐकून घेतलं आणि लगेच तोडगा काढला. बगळ्याचीच टाच थोडी अरुंद करू, कुणाला कळणार नाही.

"डॉक्टरांना कळेल," मावशी म्हणाल्या. "आणि मला कळेल. त्या लोकांनी चाळीस वर्षं वाट पाहिलीय, त्यांना जो होता तोच द्या, त्याच्या खोडीसकट. बगळ्याला आता हात लावायचा नाही. मुलींसाठी मी नवा कापते."

"नवा आमच्या प्लॅनमध्ये नाही, मावशी."

"बदक होतं का प्लॅनमध्ये?"

डिझायनर मुलीने हसू दाबण्यासाठी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. साहेबांनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. ते घाईत असले तरी मूर्ख नव्हते. त्यांनी विचारलं, किती दिवस लागतील.

"मागच्या वेळी बारा नमुने लागले होते. तेव्हा मी शिकत होते."

बगळा ठरलेल्या दिवशी दुकानात आला. सकाळपासून रांग होती, त्यात डॉक्टर तिसरे होते. त्यांनी दोन जोड घेतले, एक घालायला आणि एक कपाटात ठेवायला. मावशींनी त्यांना दोन्ही घालायला सांगितले. आठवड्याभराने डॉक्टर दवाखान्यात बगळा घालून पेशंट तपासताना दिसले. संध्याकाळी ते मनोऱ्यांच्या मैदानावर कडेला येऊन उभे राहिले. मनोऱ्यांनी त्यांच्याकडे चेंडू टाकला. डॉक्टरांनी तो बास्केटकडे फेकला. नेम चुकला, पण त्यांनी तो उचलून पुन्हा टाकला, आणि मग अंधार पडेपर्यंत टाकत राहिले.

त्याच संध्याकाळी मैदानाच्या पायरीवर मावशींनी जाड कागद पसरला. कर्णधार अनवाणी उभी राहिली. बाकीच्या पाच जणी आपल्या पाळीची वाट पाहत रांगेत होत्या. डिझायनर मुलगी टेप आणि वही घेऊन बाजूला बसली होती.

"सरळ नको उभी राहू," मावशी म्हणाल्या. "उडी मारण्याआधी जशी राहतेस तशी राहा. वजन चवड्यावर. टाच जरा उचल."

कर्णधाराने गुडघे वाकवले आणि टाच उचलली. मावशींनी पेन्सिल उभी धरली आणि तिच्या पायाभोवती रेघ ओढायला सुरुवात केली.